ग्राफिक्स कार्डाचे भाव: आत्ता घ्यायचं का थांबायचं?

पूर्णाकाठ (परभणी)

लग्नसराई जवळ आली की परभणी, सेलू, जिंतूर, मानवत भागातल्या व्हिडिओ एडिटिंगवाल्यांचे फोन सुरू होतात. कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं माझं काम आहे, त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो: "दादा, ग्राफिक्स कार्ड (व्हिडिओ, थ्रीडी, गेमचं जड काम उचलणारा भाग) आत्ताच घ्यावं का भाव उतरू द्यावेत?" यंदा इंजिनिअरिंगची पोरं, आर्किटेक्ट, गावाकडून काम करणारे असे सगळेच हे विचारायलेत. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा इथं सविस्तर लिहितो. ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनी जरूर लिहा.

माझं मत आधी सांगून टाकतो. भाव उतरण्याची वाट बघू नका. आपलं काम कार्डापायी अडतंय का, तेवढं बघा. अडत असेल तर घ्या. अडत नसेल तर कितीही सवलत दिसली तरी खिशात हात घालू नका.

आता भावाचा हिशेब. जुलै २०१६ मध्ये एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०६० हे ६ जीबी मेमरीवालं कार्ड २४९ डॉलरला आलं. तेव्हा डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे कर सोडून साधारण १६,७०० रुपये. जून २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० आलं २९९ डॉलरला, तेव्हा डॉलर ८२ ला. कर सोडून साडेचोवीस हजार, १८ टक्के जीएसटी धरला की २८,९०० च्या पुढं. मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आलं, तेही २९९ डॉलरलाच. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं भाव जागेवर राहिला. आपल्याकडं मात्र डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरनं नव्वदी ओलांडली, आणि त्या हिशेबानं तेच २९९ डॉलर जीएसटीसह ३१,७०० च्या वर जातात. यात आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचा वाटा अजून धरलेलाच नाही. कंपनीनं एक डॉलरही वाढवला नाही तरी आपला भाव चढत राहतो, तो असा.

दुसरी गोष्ट खोक्यावर दिसत नाही. १०६० मधली चिप २०० चौरस मिलिमीटरची होती आणि मेमरीची वाट, म्हणजे चिप आणि मेमरीमधला रस्ता, १९२ बिटची. ३०६० ची चिप २७६ चौरस मिलिमीटर, वाट तेवढीच, मेमरी १२ जीबी. ४०६० आलं तेव्हा चिप १५९ वर, वाट १२८ बिटवर आणि मेमरी ८ जीबीवर उतरली. एनव्हिडियाच्या चिपांना आतले क्रमांक असतात. शेवटी ०७ असलेली चिप पूर्वी १०५० सारख्या खालच्या कार्डांत यायची. ४०६० मध्ये तीच श्रेणी वर सरकली. ४०६० ला वीज कमी लागते, ३०६० च्या १७० वॅटऐवजी ११५, आणि वेगही थोडा जास्त आहे, हे मान्य. पण पैसे मधल्या श्रेणीचे मोजून माल खालच्या श्रेणीचा हाती येतोय, हे गिऱ्हाइकाला माहीत असायला पाहिजे.

"२०२२ मध्ये भाव कसे धडाधड कोसळले होते!" असं बरेच जण म्हणतात आणि त्याच आशेवर थांबतात. त्या पडझडीचं एक मोठं कारण क्रिप्टो होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनानं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डावरचं त्याचं मायनिंग (कार्डं राबवून नाणी कमावणं) बंद झालं. त्याच्या आसपास हजारो वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली. आताची मागणी वेगळ्या ठिकाणाहून आहे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची डेटा सेंटरमधली (एआय वगैरेसाठीच्या मोठ्या संगणक केंद्रांना झालेली) विक्री सुमारे ११५ अब्ज डॉलर होती आणि गेमिंगची सुमारे ११ अब्ज. ज्या धंद्यातून दहापट पैसा येतो त्यालाच कारखान्यातली जागा आधी मिळणार. मेमरीचंही तेच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांवर सगळा खेळ आहे. त्यातल्या मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावानं घरगुती गिऱ्हाइकांना रॅम आणि एसएसडी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅमचे भाव कुठं गेलेत ते सगळे बघायलेतच. कार्डावरची मेमरीही याच कारखान्यांतून येते, म्हणून येत्या हंगामात कार्डं स्वस्त होतील असं मला अजिबात वाटत नाही.

मांजराकाठ (लातूर)

दादा, लई उपयोगी लिहिलंत. माझंच उदाहरण घ्या. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आय५ ८४००, १६ जीबी रॅम, १०६० ६ जीबी, फुल एचडी ६० हर्ट्झचा मॉनिटर. सगळं मावसभावाकडून आलेलं. व्हॅलोरंट खेळतो, आणि आता ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर मनापासून शिकायलोय. १०६० चा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बंद झाला असं मित्र सांगायलेत, आता घ्यायचं तर ५०६० टीआयच घे म्हणतेत. वडील म्हणाले होते सोयाबीन विकल्यावर बघू. पण सप्टेंबरच्या अतिवृष्टीत अर्धं रान पाण्यात होतं, जे निघालं ते डागी. आता त्यांना पैसे मागायला जीव होत नाही. ड्रायव्हरचं खरं आहे का? आणि थांबलो तर नुकसान काय होईल?

पूर्णाकाठ (परभणी)

@मांजराकाठ, तू लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

ड्रायव्हरचं अर्धं खरं आहे. ऑक्टोबर २०२५ नंतर १००० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येणार नाहीत. सुरक्षेचे अपडेट मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला मिळणार आहेत. तुझं कार्ड उद्या बंद पडणार नाही, व्हॅलोरंट आज चालतं तसंच चालेल. त्या गेमला कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त लागतो, आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ५०६० टीआय लावलंस तरी डोळ्याला फरक दिसणार नाही.

ब्लेंडरची गोष्ट निराळी. आरटीएक्स कार्डांत रे ट्रेसिंगचे (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करणारे) वेगळे कोर असतात आणि ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर करणाऱ्या भागात ऑप्टिक्स हा पर्याय निवडला की ते कामाला लागतात. १०६० मध्ये ते नाहीत. शिवाय कुडा, म्हणजे कार्डावर असे हिशेब चालवणारी एनव्हिडियाची प्रणाली, तिच्या १३ व्या आवृत्तीपासून ती पिढी वगळली आहे. म्हणून पुढं कधीतरी तुला आरटीएक्स लागेलच. पण शिकताना बहुतेक वेळ मॉडेलिंग, यूव्ही, लायटिंग यातच जातो. शेवटचा रेंडर (तयार चित्र काढणं) रात्री लावून झोपलास तरी चालतं. घरी असं वर्ष असताना वडिलांकडं पैसे मागण्यासारखं तुझं काम अजून अडलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक तपासून बघ. आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा वापर आणि कार्डाची मेमरी असे तीन आकडे पडद्यावर लाव. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर ठाम बसलं असेल तर कार्ड अपुरं पडतंय. कार्ड ६०-७० वर आणि प्रोसेसरचा एखादा कोर शंभरला टेकलेला असेल तर नवं कार्ड घालून काहीच हाती लागणार नाही. दुकानात जायच्या आधी हे आकडे बघणारा माणूस मला क्वचित भेटतो.

वेरूळ_रेषा (छ. संभाजीनगर)

लेख चांगला, पण "काम अडलं की घ्या" याला माझा विरोध आहे. मी इंटिरिअर आणि एलिव्हेशनचं थ्रीडी करते. आमच्या कामात अडतं ते नेमकं डिलिव्हरीच्या आठवड्यात. त्या वेळी दुकानात जे पडलेलं असेल ते, सांगेल त्या भावाला उचलावं लागतं. घासाघीस करायला वेळच नसतो.

मेमरीचंच बघा. ८ जीबीच्या कार्डावर साधा टूबीएचके मजेत चालायचा. मग एका बंगल्याचं काम आलं. बाहेर लॉन, झाडं, दगडी कंपाउंड, सगळी टेक्श्चर्स (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) ४के. व्ह्यूपोर्टमध्ये हलवताना ठीक वाटायचं आणि रेंडर लावला की मेमरी भरायची. एकदा भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये सरकतो आणि वेग असा पडतो की क्लायंटसमोर बसवत नाही. कधी सॉफ्टवेअर सरळ बंद पडायचं. झाडं कमी करा, टेक्श्चर्स २के करा, यात दिवसचे दिवस जायचे. १६ जीबीवर गेले तेव्हा नवं कार्ड वेगात थोडंच पुढं होतं, पण ती सगळी कापाकापी संपली.

म्हणून माझा नियम असा: नेहमीच्या कामात मेमरी ८५ टक्क्यांच्या पुढं जायला लागली की पैसे बाजूला टाकायला सुरुवात करायची आणि काम कमी असतं त्या पावसाळ्यात शांतपणे खरेदी करायची. ५०६० टीआय घेणाऱ्यांनी १६ जीबीचंच घ्यावं. एप्रिल २०२५ मध्ये ८ जीबीचं ३७९ डॉलर आणि १६ चं ४२९ डॉलर होतं. त्या ५० डॉलरच्या फरकावर दोन-तीन वर्षांचं आयुष्य वाढतं.

पूर्णाकाठ (परभणी)

@वेरूळ_रेषा ताई, पूर्ण पटलं. ८५ टक्क्यांची खूण छान आहे, मी इथून पुढं लोकांना हीच सांगणार. डेडलाइनवर जगणाऱ्यांनी अडायच्या एक पाऊल आधी घ्यावं.

१६ जीबीला अजून एक कारण जोडतो. ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डाला बोर्डाशी जोडणाऱ्या रस्त्याच्या, आठच लेन वापरतात. मांजराकाठसारखा आठव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर बोर्ड तिसऱ्या पिढीच्या स्लॉटचा असतो, म्हणजे वाट आणखी अरुंद. मेमरी पुरेशी असेल तर फारसं जाणवत नाही. ८ जीबी भरून माल रॅममध्ये ये-जा करू लागला की मात्र त्या वाटेवर मोठी कोंडी होते. जुन्या बोर्डावर ८ जीबीचं नवं कार्ड म्हणूनच मी बसवून देत नाही.

कॅमेरा_जालना

लग्नाचं एडिटिंग करतो. माझा अडथळा असा: नवा कॅमेरा एच२६५ मध्ये १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारा व्हिडिओचा प्रकार) शूट करतो. टाइमलाइनवर टाकलं की अडकत अडकत चालतं. कार्ड आरटीएक्स ३०७०. दुकानदार म्हणतो ४०७० टाका, मक्खन चालेल. टाकू का?

पूर्णाकाठ (परभणी)

थांबा! ४०७० घेऊ नका. सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जाताना मी बघतो.

व्हिडिओ उलगडायला कार्डात वेगळा भाग असतो, त्याचा गेमिंगच्या ताकदीशी संबंध नाही. एनव्हिडियाच्या ३००० आणि ४००० मालिकेतला तो भाग ४:२:२ ओळखतच नाही. ४०९० आणलं तरी तुमची फाइल प्रोसेसरलाच उलगडावी लागणार. ४:२:२ ची सोय एनव्हिडियानं ५००० मालिकेत पहिल्यांदा दिली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये मात्र एच२६५ ४:२:२ ची सोय आधीपासून आहे.

तुमचा प्रोसेसर कोणता? नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं. एफ नसेल तर कदाचित ते बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असेल आणि एक रुपया न घालता काम होईल.

कॅमेरा_जालना

आय७ १२७००. एफ नाही!

बायोसमध्ये अंगभूत ग्राफिक्स बंदच होतं. चालू केलं, इंटेलचा ड्रायव्हर टाकला, प्रीमियरच्या सेटिंगमध्ये इंटेलचं हार्डवेअर डिकोडिंग टिक केलं. हळदीचं फुटेज होतं, दोन कॅमेऱ्यांचं. आता टाइमलाइनवर मागं-पुढं ओढलं तरी चित्र लगेच येतंय. दादा, काय बोलू! तेवढ्या पैशात आता एक चांगली लेन्स बघतो.

गोदावरी_एक्स (नांदेड)

खरेदी कुठून करायची यावर थोडं. नांदेड-परभणीच्या लोकांना कॉम्प्युटरच्या मालासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर जवळ पडतं. रेल्वेनं थेट जाता येतं. एकाच इमारतीत बरीच दुकानं असल्यानं भाव लगेच कळतो. पण एकट्या कार्डासाठी जाणं परवडत नाही, पूर्ण मशीन घ्यायचं असेल तरच जावं. वॉरंटीचं आधी विचारा. काही कंपन्या कार्डाच्या सिरियल नंबरवर वॉरंटी देतात, काहींना बिल लागतं. बिलावर सिरियल नंबर छापून घ्याच. बंद पडलेलं कार्ड सर्व्हिस सेंटरला पोचवायचं कुणी, हा प्रश्न आपल्याकडं मोठा आहे. गावातला दुकानदार हजार-दीड हजार जास्त घेऊन ते काम अंगावर घेत असेल तर ते पैसे आनंदानं द्यावेत.

ज्यांच्या स्टुडिओला जीएसटी नंबर आहे त्यांनी बिल धंद्याच्या नावानं घ्यावं. १८ टक्के इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तेवढा वजा होतो. कर सोडून ३०,००० च्या कार्डावर ५,४०० रुपये कर असतो, विनाबिलाच्या सवलतीत एवढं कुणी सोडत नाही. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या.

माजलगावचा_मी

सगळे कार्डावर बोलायलेत, विजेचं कुणीच बोलंना. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज कधी १७०, कधी अचानक २६०. डीपी जळाला तर चार-चार दिवस लाइट नाही. अशा ठिकाणी चाळीस हजाराचं कार्ड घालायचं तर आधी पॉवर सप्लाय चांगला पाहिजे. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या ४५० वॅटच्या डब्यावर विश्वास ठेवू नका.

यूपीएसचंही बघा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच देतो. ५०७० सारखं २५० वॅटचं कार्ड, वर प्रोसेसर, मॉनिटर असला की लाइट जाताच यूपीएस कुंई करून बसतो आणि रेंडर गेला. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर चांगले पॉवर सप्लाय नीट चालत नाहीत.

आणि अर्थिंग. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडते, खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग नावालाच उरतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या आल्या तर समजायचं. आम्ही उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडतो. तरी झिणझिण्या राहिल्या तर वायरमनकडून तपासून घ्या, नसता कार्डाबरोबर माणूसही जायचा.

वेरूळ_रेषा (छ. संभाजीनगर)

माजलगावकरांना दुजोरा. उन्हाळ्याचं एक जोडते. बाहेर ४२-४३ अंश असताना खोलीत ३५-३६ असतंच, आणि कार्ड तीच हवा ओढतं. आम्ही आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट (कार्डानं ओढायच्या विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर ठेवतो. वेग जेमतेम कमी होतो, तापमान आणि पंख्याचा आवाज बराच उतरतो. कूलरसमोर मशीन ठेवू नका. ओलसर हवा आणि बोअरच्या पाण्याची पांढरी पूड, दोन्ही आत जातात.

मांजराकाठ (लातूर)

दादा, आकडे बघितले. व्हॅलोरंटमध्ये कार्ड ५५-६०, प्रोसेसरचा एक कोर ९८. ब्लेंडरमध्ये रेंडरला कार्ड ९९, मेमरी ३.५ जीबी. तापमान मात्र ८३ ला जाऊन थांबतं आणि क्लॉक (चिपचा वेग) खाली येतो.

ठरवलं, यंदा काही घेत नाही. पुढं गरज पडलीच तर वापरलेलं ३०६० १२ जीबी बघावं का? आणि सध्याच्या कार्डाची पेस्ट (चिपची उष्णता कूलरला पोचवणारी) मी स्वतः बदलू शकतो का?

पूर्णाकाठ (परभणी)

८३ ही त्या कार्डाची ठरलेली मर्यादा आहे, तिथं पोचलं की ते स्वतःला आवरतं. एवढ्या वर्षांत पेस्ट वाळून गेली असणार. पेस्ट बदललीस की क्लॉक बराचसा परत मिळेल.

ब्लेंडरसाठी वापरलेलं ३०६० १२ जीबी चांगला विचार आहे, पण नुसतं नेटवर बघून पैसे पाठवू नको. समोर बसून अर्धा तास रेंडर चालवून बघायचं. पडद्यावर ठिपके, रेघा येतात का, दोन्ही पंखे आवाज न करता फिरतात का, स्क्रूवर आधी पान्हा लागल्याच्या खुणा आहेत का, आणि बिल आहे का, एवढं बघ. बिल नसेल तर सोडून दे.

पेस्टचं काम तुला जमेल. मशीन बंद करून, वायर काढून, कार्ड सपाट टेबलावर उलटं ठेव. चिपच्या मागं स्प्रिंगवाले चार स्क्रू असतात ते तिरके समोरासमोर थोडे थोडे सैल कर, एकच पूर्ण काढू नको. कूलर उचलताना झटका देऊ नको, पंख्याची बारीक वायर आत जोडलेली असते, ती आधी सोडव. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, नवी तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पुरे. पंख टूथब्रशनं साफ कर. पंखा बोटानं धरून मगच ब्लोअर मार.

मांजराकाठ (लातूर)

रविवारी करतो. मेमरीवरचे ते राखाडी पॅड पण बदलायचे का?

पूर्णाकाठ (परभणी)

अख्खे निघाले तर तेच परत बसव. फाटले तर जाडी मोजून त्याच जाडीचे आण. जाड पॅड लावलेस तर कूलर चिपला टेकणारच नाही. काढायच्या आधी फोटो काढून ठेव, आणि अडलास तर फोटो इथंच टाक.